आधी ईसीजी, मग इंजेक्शन

दुपारच्या ड्युटीत सासूबाई सुनेला धरून कॅज्युअल्टीत आल्या. तिशीतली बाई, घामानं डबडबलेली, एक हात छातीवर. "हिला असंच होतं अधूनमधून. दवाखान्यात पोचेपर्यंत थांबतं. मग सगळे म्हणतात, टेन्शन घेते."

नाडी बोटांखाली मोजता येईना. मॉनिटरवर ठोके 210, अगदी एकसारखे, ईसीजीतली क्यूआरएस ही टोकदार लाट अरुंद. एसव्हीटी, म्हणजे हृदयाची अचानक सुरू होणारी अतिवेगवान लय. रक्तदाब 104/70, बोलणं नीट. म्हणजे विजेचा शॉक देण्याची घाई नव्हती. इंजेक्शनच्या आधी मी बारा लीडचा ईसीजी काढून घेतला, कारण झटका चालू असतानाचा एकही कागद तिच्याकडे नव्हता. तो नव्हता म्हणूनच तिच्यावर टेन्शनचा शिक्का बसला होता, आणि याची मला फार चीड येते.

ही लय मोडायला दहा मिलीच्या सिरिंजमध्ये पंधरा सेकंद फुंकायला लावलं, लगेच आडवं करून पाय वर धरले. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. हिचं भागलं नाही.

मग ॲडेनोसिन, हृदयातली विजेची वाट क्षणभर अडवणारं इंजेक्शन. दमा नाही ना, डेरिफिलीन (दम्यावरचं औषध) चालू नाही ना, हे आधी विचारलं. दम्यात या औषधानं श्वासनलिका आवळू शकतात, आणि डेरिफिलीनमधलं थिओफिलीन त्याचा असर मारतं. रक्तात ॲडेनोसिन काही सेकंदच टिकतं, म्हणून मनगटावरची बारीक शीर उपयोगाची नाही. उजव्या कोपराच्या खोबणीत हिरवं व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची नळी), त्याला थ्री-वे (तीन तोंडांची तोटी). एका तोंडाला 6 मिलिग्रॅम औषध, दुसऱ्याला 20 मिली सलाईन. शॉक द्यायचं यंत्र, डीफिब्रिलेटर, शेजारी, मॉनिटरची पट्टी चालू.

"ताई, आता काही सेकंद छाती दाबल्यासारखी होईल, जीव जातोय असं वाटेल. ते औषधामुळे. लगेच जाईल." हे न सांगता ॲडेनोसिन देणं मला क्रूर वाटतं.

मी औषध ढकललं, सिस्टरनी त्याच दमात सलाईन, आणि हात वर उचलला. "आई गं!" तिनं माझा ॲप्रन घट्ट धरला. पट्टीवर रेघ सपाट झाली. एक ठोका. पुन्हा सपाट. मग दोन, तीन, आणि 88 वर लय बसली.

खरी गोष्ट नंतरच्या ईसीजीत होती. पीआर अंतर (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज पोचायचा वेळ) कमी, क्यूआरएसची सुरुवात तिरकी चढणारी: डेल्टा वेव्ह. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी 1930 मध्ये वर्णन केलेला आजार, थोडक्यात डब्ल्यूपीडब्ल्यू. हृदयाच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमध्ये विजेची एक जादा वाट जन्मापासून असते. कॅथेटरनं ती जाळता येते, आणि बहुतेकांचा त्रास कायमचा जातो.

दोन्ही ईसीजींच्या झेरॉक्स काढायला लावल्या, कारण तो कागद काही काळानं पुसट होतो. ईपी स्टडीसाठीच्या (हृदयातल्या विजेच्या वाटांच्या तपासणीसाठीच्या) पत्रावर लाल पेननं लिहिलं: डब्ल्यूपीडब्ल्यू. ठोके वेगवान पण अनियमित आणि क्यूआरएस रुंद असल्यास ॲडेनोसिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन देऊ नये.