एमआरआयमध्ये ‘वाढ’ दिसली तेव्हा

मेंदूच्या गाठींवरच्या औषधचाचण्यांचं समन्वयन हे माझं काम. न्यूरोसर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजी, एथिक्स कमिटी आणि रुग्णाचे घरचे, सगळ्यांशी बोलायचं आणि कुणाचं काही निसटू द्यायचं नाही.

त्या दिवशी सकाळी ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूच्या एका आक्रमक कर्करोगाच्या, एका रुग्णाचा रिपोर्ट आला : गाठ वाढली आहे. ऑपरेशन झालेलं, टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्यांसह सहा आठवड्यांचं रेडिएशन झालेलं, त्याच्या जोडीला चाचणीतलं नवं औषध चालू. नियमाप्रमाणे गाठ वाढली की औषध बंद आणि रुग्ण चाचणीबाहेर. त्यांच्या पत्नीने मला कॉरिडॉरमध्येच गाठलं. “ताई, आता औषध थांबवणार का हो?”

“अजून काही ठरलेलं नाही. दुपारी सगळे डॉक्टर एकत्र बसून बघणार आहेत. मग ते स्वतः तुमच्याशी बोलतील.”

फाइलमध्ये मी आधी रेडिएशन संपल्याची तारीख काढली. त्याला अजून बारा आठवडेही झालेले नव्हते. रेडिएशनने रक्तवाहिन्या सैल पडतात, एमआरआयसाठी टोचलेलं कॉन्ट्रास्टचं द्रव्य बाहेर झिरपतं आणि एमआरआयवर गाठ नसलेली जागाही पांढरी उजळते. हीच आभासी वाढ. २००५च्या मोठ्या चाचणीनंतर रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड एकत्र देणं रूढ झालं (निम्मे रुग्ण जगण्याचा काळ १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेला), तसा हा पेच वारंवार पडू लागला. म्हणून २०१०मध्ये गाठ वाढली की नाही हे ठरवायचे ‘रानो’ निकष आले : पहिल्या बारा आठवड्यांत नवी उजळ जागा मुख्यतः रेडिएशनच्या क्षेत्राबाहेर असेल, किंवा गाठीचा तुकडा काढून तपासून खात्री झाली असेल, तरच खरी वाढ म्हणायची.

दुपारी ट्यूमर बोर्डात, म्हणजे डॉक्टरांच्या त्या बैठकीत, मी तारीख पुढे ठेवली आणि रेडिएशनचा आराखडा या एमआरआयवर बसवून बघायची विनंती केली. उजळलेला सगळा भाग जास्त डोसच्या क्षेत्रातच निघाला. पुन्हा ऑपरेशन करून तुकडा घ्यावा का, यावर बरीच चर्चा झाली; पण जागा वाचाकेंद्राला लागून, आणि रुग्णाची तब्येत स्थिर. औषध चालू ठेवून महिन्याने पुन्हा एमआरआय करायचं ठरलं. स्टेरॉइडचा डोस तोवर वाढवायचा नाही, कारण स्टेरॉइडनेही उजळ भाग लहान दिसतो आणि आपलीच फसगत होते.

डॉक्टरांनी त्या बाईंना सरळ सांगितलं की खात्री आज देता येणार नाही. त्यांनी मान हलवली आणि गोळ्यांच्या वेळा पुन्हा एकदा विचारून घेतल्या.

पुढच्या एमआरआयमध्ये तो भाग आक्रसला होता. रुग्णाचा आजार पुढे उलटलाच, ग्लायोब्लास्टोमा बहुधा उलटतोच. पण मधले महिने ते घरी होते, बोलत होते.

मला चाचणीचीही तितकीच काळजी होती. असा रुग्ण घाईने बाहेर काढला, तर चांगलं औषधही निकामी ठरू शकतं. आणि आभासी वाढ असलेले रुग्ण गाठ उलटल्याचं समजून पुढच्या चाचणीत गेले, तर आपोआप आक्रसणाऱ्या जागेचं श्रेय तिथल्या कुचकामी औषधाला मिळतं. दोन्हींचा फटका नंतरच्या रुग्णांना बसतो.

तेव्हापासून आमच्याकडे एमआरआयच्या मागणीपत्रावर रेडिएशन संपल्याची तारीख आणि त्या दिवशीचा स्टेरॉइडचा डोस लिहिलेला असतो. त्याशिवाय ते पत्र मी पुढे पाठवत नाही.