पहिले बूट घेण्याआधी पाऊल मोजून घ्यावे

परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात पहाटे फिरायला येणाऱ्यांपैकी मी एक. दोन वर्षे नुसता चालत होतो, मागच्या दिवाळीनंतर धावायला लागलो आणि दीड महिन्यातच माझ्या उजव्या अंगठ्याचे नख काळे पडले. सुरुवातीला वाटले की वय झाले, पायांना सवय नाही, होईल हळूहळू. पुढे नख मुळापासून हलू लागले तेव्हा कुठे लक्षात आले की दोष पायाचा नसून बुटाचा आहे, आणि बुटापेक्षाही तो मी ज्या पद्धतीने घेतला त्या पद्धतीचा आहे.

ते बूट मी सकाळी अकरा वाजता, ऑफिसचे पातळ मोजे घालून, ऑफिसच्या चामडी बुटांचाच 8 नंबर सांगून घेतले होते. दुकानातल्या मुलाने पुढचे टोक दाबून पाहिले आणि समाधानाने म्हणाला, "एकदम फिट्ट बसला काका, जरा बी ढिला नाही." मलाही तेच हवे होते, कारण लहानपणापासून आपल्याला बूट घट्ट असावा एवढेच शिकवलेले असते. धावण्याच्या बुटाला मात्र हा नियम लागू पडत नाही. धावताना पाऊल प्रत्येक वेळी थोडे पुढे सरकते, भार पडला की पसरते आणि उष्णतेने फुगते. तीन किलोमीटर धावताना एक पाय दोन हजारांच्या आसपास वेळा जमिनीवर आपटतो, आणि तितक्याच वेळा माझे नख बुटाच्या टोकाला धडकत होते.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी दुकानात जाण्याआधी घरी पाऊल मोजले. संध्याकाळची वेळ घेतली, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. भिंतीला चिकटवून जमिनीवर कोरा कागद ठेवला, त्यावर जाड मोजे घालून टाच भिंतीला टेकवून उभा राहिलो आणि बायकोला पेन्सिल सरळ उभी धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण करायला सांगितले. (खूण दुसऱ्यानेच करावी, आपण स्वतः वाकलो की भार सरकतो आणि माप चुकते.) डावे पाऊल 26.1 सेंटिमीटर भरले, उजवे 26.6. इतकी वर्षे दोन्ही पाय सारखेच आहेत असे धरून चाललो होतो. बूट नेहमी मोठ्या पावलाच्या मापाने घ्यायचा असतो.

बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला एक छोटी पट्टी असते. तिच्यावर नंबरासोबत बहुधा सेंटिमीटरचा आकडाही छापलेला असतो आणि नवख्याने त्याच्याकडे आधी पाहावे असे मला वाटते, कारण एकाच 8 नंबराखाली एका कंपनीचा आकडा 26.5 असतो तर दुसरीचा 27. आपल्याकडच्या पूर्ण नंबरांत साधारण साडेआठ मिलिमीटरचे अंतर पडते, अर्ध्या नंबरात सव्वाचार. अर्धे नंबर आपल्या बाजारात सहसा मिळत नाहीत, त्यामुळे मी सरळ 9 घेतला. पण आकडा हा केवळ प्रारंभ. खरी परीक्षा उभे राहून होते. नाडी बांधून दोन्ही पायांवर उभे राहावे, सर्वांत लांब बोट आणि बुटाचे टोक यांच्यामध्ये हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते का ते दाबून पाहावे, चवडा दोन्ही बाजूंनी आवळला जात नाही ना आणि करंगळी कापडाला टेकून वाकडी होत नाही ना हे तपासावे. टाच मात्र घट्ट धरलेली हवी. चालताना ती आत वरखाली होत असेल तर तो बूट सोडून द्यावा. दुकानदाराला विनंती करून दुकानासमोरच्या फरशीवर पाच-पन्नास पावले धावून पाहण्यात संकोच बाळगू नये. मी बाळगला नाही आणि एक जोडी तिथेच परत केली, कारण तिच्या मागच्या काठाने घोट्याखाली टोचायला सुरुवात केली होती. दुकानात जे टोचते ते पुढे सैल होईल या आशेवर कधीही पैसे देऊ नयेत.

पाय ओला करून फरशीवर ठसा उमटवायचा, तळव्याची कमान पाहायची आणि त्यावरून बुटाचा प्रकार ठरवायचा, हा सल्ला मलाही मिळाला होता. ही पद्धत अमेरिकेच्या सैन्यदलांत हजारो प्रशिक्षणार्थींवर तपासली गेली आणि 2009 व 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत कमानीनुसार बूट दिल्याने दुखापती विशेष कमी झाल्या नाहीत असे आढळले. त्यामुळे ज्याला आधीपासून दुखणे नाही त्याने या ठशात फार अडकू नये. पायाला जो बूट घालता क्षणी सुखाचा वाटतो तो घ्यावा. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक बहुतेक बुटांत 8 ते 12 मिलिमीटर असतो, नवख्याला तो चालतो. अगदी सपाट तळाचे बूट एकदम सुरू केले तर पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर ताण येतो, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

आपल्या भागात तळाकडे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. अनेक बुटांचा तळ वजन कमी व्हावे म्हणून मधोमध उघड्या फोमचाच ठेवलेला असतो. सिमेंटच्या रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही, पण बांधाच्या कडेने किंवा पांदीतून धावणाऱ्याच्या पायात वेड्या बाभळीचा काटा त्या फोममधून सुईसारखा आरपार शिरतो. गावाकडे धावणाऱ्यांनी म्हणून पूर्ण तळाला रबर असलेला बूट शोधावा. पावसाळ्यात काळ्या मातीवर धावूच नये. चिखल असा चिकटतो की दहा पावलांत बूट दुप्पट जड होतो. भिजलेले बूट उन्हात टाकण्याऐवजी आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावेत, कारण तीव्र उन्हाने डिंक सुटतो.

या उन्हाळ्यात मानवतहून पुतण्या आला होता. पोलीस भरतीच्या 1600 मीटरची तयारी करतो आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीचे, रौप्य जिंकल्यापासून त्यालाही खिळ्यांचे बूट हवे आहेत. मी त्याला समजावले की ते ट्रॅकसाठी असतात, डांबरी रस्त्यावर रोजच्या सरावाला नव्हे. मग तो नामांकित कंपनीचे चिन्ह छापलेली फर्स्ट कॉपी दाखवू लागला. आम्ही खरा आणि नकली असे दोन्ही बूट हातात धरून वाकवून पाहिले. चांगला बूट चवड्यापाशी वाकतो, जिथे आपली बोटे वाकतात तिथेच; नकली बूट मधोमध पुठ्ठ्यासारखा दुमडला, आणि टाचेची मागची भिंत अंगठ्याने दाबताच आत गेली. पुतण्या काही बोलला नाही. तेवढ्याच पैशांत कमी गाजलेल्या कंपनीचा मागच्या वर्षीचा खरा बूट मिळाला, तो त्याने घेतला.

धावण्याचा बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकतो. आठवड्यातून तीनदा चार किलोमीटर धावणाऱ्याला तो साधारण वर्षभर पुरेल. वरून नवा दिसला तरी आतला फोम दबून गेलेला असतो आणि ते आधी नडगीला किंवा गुडघ्याला कळते. मी आता कॅलेंडरवर रोजचे किलोमीटर लिहून ठेवतो. काल बेरीज 410 झाली. अंगठ्याला नवे नख अर्धे आले आहे.