गरोदरपणात गाडी जवळ लावायची परवानगी: चिठ्ठी कशी घ्यायची, अर्ज कुणाला द्यायचा

गरोदर बाईला दिव्यांगांसाठी राखलेल्या जागेत गाडी लावायचा तात्पुरता परवाना मिळतो का? लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरात स्वतः गाडी चालवत नोकरीला जाणाऱ्या मुली वाढल्या, तसा हा प्रश्नही वाढला. उत्तर एका वाक्याचं आहे: महाराष्ट्रात असा परवाना नाही. कुणी एजंट ‘काढून देतो’ म्हणाला तर त्याला एक रुपया देऊ नका.

कारण कायद्यातच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत २१ प्रकारची दिव्यांगता दिलेली आहे, त्यात गरोदरपण नाही. कायद्याच्या व्याख्येत दीर्घकाळ टिकणारी बाधा धरलेली आहे. गोंधळ होतो तो ‘तात्पुरतं प्रमाणपत्र’ या शब्दांनी. वैद्यकीय मंडळ काही जणांना ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र देतं हे खरं, पण ते त्याच २१ प्रकारांपैकी एखादी बाधा असून पुढे कमी-जास्त होण्याची शक्यता असते तेव्हा. पाय सुजले, कंबर धरली म्हणून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दिव्यांग मंडळापुढे रांग लावली तर दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही. खोटं प्रमाणपत्र काढायचा विचारही नको. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतला तर याच कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

असा तात्पुरता परवाना मिळतो तो अमेरिकेत. तिथं नांदणाऱ्या लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आयांनी एवढं माहीत करून घ्यावं. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. कॅलिफोर्नियात रेग १९५ नावाचा फॉर्म असतो. त्यावर डॉक्टरची सही लागते, परवानाधारक नर्स-मिडवाइफचीही चालते. तात्पुरता फलक, म्हणजे गाडीत लावायचं परवान्याचं कार्ड, जास्तीत जास्त १८० दिवसांचा, किंवा डॉक्टरने लिहिलेल्या तारखेपर्यंतचा, यातलं जे आधी येईल ते. नुसतं ‘गरोदर आहे’ एवढं तिथंही पुरत नाही, चालण्या-फिरण्यात काय अडचण आहे ते डॉक्टरला लिहावं लागतं. फ्लोरिडाने मात्र २०२५ च्या जुलैपासून गरोदर बायकांसाठी वेगळा परवाना सुरू केला. फलक माणसाच्या नावाने असतो, गाडीच्या नाही. लेक गाडीत नसताना जावयाने तो लावून बाजार करणं हा तिथं गुन्हा आहे.

आता आपल्याकडचं. परवाना नसला तरी जवळची जागा मिळते आणि ती मिळवून देते डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठी कशी लिहिली आहे यावर सगळं अवलंबून असतं. बहुतेक अर्ज समोरच्याच्या दुष्टपणामुळे अडत नाहीत, चिठ्ठीतल्या शब्दांमुळे अडतात.

चिठ्ठी लेटरहेडवर असावी. तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. त्यात किती आठवडे झाले आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहून घ्या. आजाराचं नाव लिहायलाच पाहिजे असं नाही. ऑफिसच्या फाइलमध्ये तुमची वार (प्लॅसेंटा) खाली आहे की रक्तदाब वाढलाय, हे जाण्याची गरज नाही. लिहायचं ते बंधन: सलग जास्त अंतर चालू नये, जिने चढू नयेत, वजन उचलू नये, जास्त वेळ उभं राहू नये. अंतर शक्यतो आकड्यात घाला. ‘जास्त चालू नये’ याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. ‘सलग १०० मीटरपेक्षा जास्त चालू नये’ असं असलं की वाद राहत नाही. आकडा अर्थात डॉक्टरच ठरवतील.

एक शब्द चिठ्ठीत येऊ देऊ नका: ‘विश्रांती’. ‘बेड रेस्ट’ तर नाहीच. तो दिसला की एचआरवाले म्हणतात, मग रजेवर जा. प्रसूतीनंतर बाळासोबत घालवायचे दिवस अशा वेळी आधीच संपतात. डॉक्टरांनी खरोखर अंथरुणावर पडून राहायला सांगितलं असेल तर प्रश्नच वेगळा, तेव्हा रजाच घ्यायची. पण काम चालू ठेवायचं असेल तर वाक्य असं हवं: ‘कामावर येण्यास हरकत नाही, मात्र चालण्याचे अंतर कमी ठेवावे.’ तसंच ‘अपंग’ किंवा ‘दिव्यांग’ हा शब्दही नको. तो वाचला की समोरचा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मागतो. मुदत घालायला विसरू नका. अपेक्षित तारखेनंतर सहा आठवड्यांपर्यंत अशी मुदत सांगायला सोपी जाते, आणि सिझर झालं तर ते आठवडे लागतातच.

नावाचंही बघा. आधारवर माहेरचं नाव, दवाखान्याच्या कागदावर सासरचं, ऑफिसात तिसरंच, अशी आपल्याकडे नेहमीची गत असते. ज्या ठिकाणी अर्ज करायचा तिथल्या नोंदीतलं नाव चिठ्ठीवर घ्या. गाडीचा नंबर मात्र डॉक्टरांना लिहायला लावू नका, तो अर्जात लिहा. गाडी बदलली की नुसता अर्ज बदलतो, चिठ्ठी तीच चालते.

ही चिठ्ठी कुणाला लागते? सगळ्याच गरोदर बायांना नाही. तब्येत ठीक असेल तर चालणं चांगलंच, डॉक्टरही चालायलाच सांगतात. ओटीपोटाच्या पुढच्या हाडाचा सांधा सैल होऊन पाऊल टाकताना कळ येते, वार खाली असते, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असतो, जुळं असतं, हिमोग्लोबिन फार खाली गेल्याने दहा पावलांत धाप लागते, अशांना लागते. शिवाय आपल्याकडे उन्हाळा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी दोनला उघड्या मैदानातून चालत गाडीपर्यंत जाणं, आत शिरल्यावर तापलेली सीट आणि हाताला चटका देणारं स्टिअरिंग. संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांची पार्किंग बहुतेक अशीच आहे. तिथं अंतराइतकीच सावलीही मागा.

ऑफिसात अर्ज एचआर किंवा प्रशासन विभागाला द्यायचा, तोंडी नाही. मेल केला तर पोच आपोआप राहते, कागद दिला तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. मागणी नेमकी ठेवा: ‘मुख्य दाराजवळील एक सर्वसाधारण जागा अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्या गाडीसाठी द्यावी. दिव्यांगांसाठी राखीव जागा मागत नाही.’ हे शेवटचं वाक्य जरूर घाला. बरेचदा साहेबलोक उदारपणे सांगतात की लावा त्या निळ्या चौकटीत, तिथं कोण येतंय! नाही लावायची. ज्याच्यासाठी ती जागा आहे तो एकदा येतो आणि जागा भरलेली बघून परत जातो, मग कायमचा येणंच सोडतो. म्हणून ती रिकामी दिसते.

मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ ची जागा नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. तीही पार्किंगबद्दल काही म्हणत नाही. पण तिच्यातल्या कलम ५९ चा (जुन्या कायद्यातलं कलम ४) अर्जात उपयोग होतो. अपेक्षित तारखेच्या आधीचे सहा आठवडे आणि त्याही आधीचा एक महिना, या काळासाठी बाईने विनंती केली तर तिला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. हे एका ओळीत लिहिलं की अर्ज मेहरबानीचा राहत नाही.

सोसायटीत किंवा अपार्टमेंटमध्ये अर्ज सचिवाच्या नावाने. इथं कायद्यापेक्षा शेजार महत्त्वाचा. लिफ्टजवळची जागा ज्यांची आहे त्यांना आधी घरी जाऊन भेटा, अदलाबदलीला त्यांचा होकार घ्या आणि मग दोघांच्या सहीने अर्ज द्या. कमिटीला फक्त नोंद घ्यायची राहते. उलट क्रमाने गेलं की प्रकरण सभेत जातं आणि सभा होईपर्यंत बाळ रांगायला लागतं. पहिलं बाळंतपण असेल तर सातव्या महिन्यात माहेरी जाणं आलंच, तेव्हा माहेरच्या इमारतीतही असाच अर्ज लागेल हे आईवडिलांना आधी सांगून ठेवा.

जागा मागताना लोक फक्त अंतर बघतात आणि रुंदी विसरतात. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या कारची जागा २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब धरली आहे. दिव्यांगांची जागा किमान ३.६ मीटर रुंद, आणि इमारतीच्या दारापासून ३० मीटरच्या आत. हा १.१ मीटरचा फरक दार पूर्ण उघडण्यासाठी आहे. साधी कार पावणेदोन मीटर रुंद असते. अडीच मीटरच्या जागेत दोन्ही बाजूंना जेमतेम पाऊण हात उरतो, त्यातून आठव्या महिन्यात तिरकं होऊन बाहेर पडताना कंबरेला पीळ बसतो. सांध्याच्या दुखण्यात नेमका हाच पीळ वाईट. म्हणून भिंतीकडची, खांबाशेजारची जागा जवळ असली तरी घेऊ नका. कोपऱ्यावरची, एका बाजूला मोकळी सुटलेली घ्या, आणि गाडी अशी लावा की चालकाचं दार मोकळ्या बाजूला येईल. दुसरं कुणी चालवत असेल तर आधी उतरा, मग गाडी आत घालू द्या. उतरताना दोन्ही गुडघे जवळ ठेवून आधी पाय बाहेर फिरवा आणि मग उठा.

गाडी चालवताना पट्टा लावायचाच. कंबरेची पट्टी पोटाच्या खाली, मांडीच्या वरच्या हाडावर. खांद्याची पट्टी छातीच्या मधून आणि पोटाच्या बाजूने. छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर ठेवा. पोट वाढेल तशी सीट मागे सरकवा.

दवाखान्यात गाडी लावणं हे सगळ्यात अवघड. नांदेडची डॉक्टर लेन घ्या नाहीतर संभाजीनगरातलं समर्थनगर, दवाखाने गल्लीत आणि गाड्या रस्त्यावर. सम-विषम तारखेचा फलक न बघता गाडी लावली की चलन येतं, आणि गरोदर असल्याचा कागद दाखवून ते माफ होत नाही. पहिल्यांदा नो पार्किंगचा दंड ५०० रुपये, पुन्हा झाला तर १,५००. अपॉइंटमेंट घेतानाच रिसेप्शनला विचारा की पेशंटला दारात उतरवता येईल का आणि व्हीलचेअर आहे का. व्हीलचेअर मागायला संकोच वाटतो, पण ती त्यासाठीच असते. दारात फक्त उतरायचं. गाडी तिथंच सोडून चालकाने वर यायचं नाही, मागे रुग्णवाहिका अडते. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायचं असेल त्या दिवशी पार्किंगचा वेळही तेवढा धरा. सुरुवातीच्या सोनोग्राफीला लघवी धरून जायचं असतं, त्या दिवशी तर लांब गाडी लावून चालणं नकोच.

सरकारी दवाखान्यात माता-बाल संरक्षण कार्ड जवळ ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी होते, तेव्हा जोखमीच्या गरोदरपणाला कार्डावर लाल स्टिकर लावतात. पार्किंगचा हक्क त्याने मिळत नाही, पण फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला तो दाखवला की लांबलचक सांगत बसावं लागत नाही. ९ तारखेला गर्दी असते, लवकर निघा.

स्कूटीवाल्या बायांसाठी एकच: मधल्या स्टँडवर गाडी ओढून चढवू नका. त्या झटक्यात सगळा जोर पोटावर आणि कंबरेवर येतो. साइड स्टँडवर लावा, आणि पार्किंगवाला दाटीत घालायला सांगत असेल तर त्यालाच लावायला सांगा.

हीच चिठ्ठी रेल्वेलाही चालते. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसने मुंबईला जायचं असेल तर आरक्षणाच्या खिडकीवर डॉक्टरांचं प्रमाणपत्र देऊन गरोदर बाईसाठी खालच्या बर्थचा कोटा मागता येतो. तिचं तिकीट वेगळं काढा. सगळं कुटुंब एकाच तिकिटावर घातलं की हा कोटा मिळत नाही. वरचा बर्थ आलाच तर गाडीत टीसीला भेटा, खालचा रिकामा असेल तर तो देऊ शकतो.

आणि ज्यांच्या दारात गाडीच नाही त्यांच्यासाठी १०२ नंबरची रुग्णवाहिका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून सरकारी दवाखान्यात, तिथून गरज पडली तर मोठ्या दवाखान्यात आणि बाळंतपणानंतर परत घरी, असा प्रवास मोफत आहे. डिझेलचे पैसे द्यायचे नाहीत. अडचण येते ती शेवटच्या टप्प्यावर. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वस्तीवर, तांड्यावर गाडी शिरत नाही, चाकं रुततात. नवव्या महिन्याच्या आधीच आशाताईंना बरोबर घेऊन डांबरी रस्त्यावरची एक जागा ठरवा, जवळचं देऊळ, शाळा किंवा पाण्याची टाकी, अशी की फोनवर एका वाक्यात सांगता येईल. घरापासून तिथपर्यंत बाईला कशावर आणायचं, बैलगाडी की ट्रॅक्टर, आणि रात्री तो कोण चालवणार, हेही ठरवून ठेवा. रस्ता अगदीच बंद होत असेल तर तारखेच्या आठ-दहा दिवस आधी दवाखान्याच्या गावी नातेवाइकांकडे जाऊन राहणं बरं.