खोक्यावरची बारीक अक्षरं

मे 2025 मधली दुपार. आमच्या ग्रामीण रुग्णालयात एक आजी नातवाला कडेवर घेऊन आली, मागे सून, हातात पिशवी. पोर चौदा महिन्यांचं, वजन आठ किलो. डोळे खोल गेलेले. पोटाला चिमटा घेऊन सोडला तर कातडी सावकाश बसत होती. पण वाटी समोर धरली की पाणी हावऱ्यासारखं ओढत होतं, म्हणून मला जरा धीर आला.

"ओआरएस दिलं का?"

ओआरएस म्हणजे जुलाबात पाजायचं मीठ-ग्लुकोजचं पाणी. हा प्रश्न मी दिवसातून कितीदा तरी विचारते. उत्तर बहुतेकदा 'नाही' असतं आणि मग मी चिडते. त्या दिवशी चिडायला जागाच मिळाली नाही. सुनेने पिशवीतून तीन रिकामी खोकी काढून टेबलावर ठेवली. सफरचंदाच्या चवीची, स्ट्रॉवाली. वर ठळक अक्षरांत 'ओआरएस'.

"तुमच्या आशाताईनंच सांगितलं व्हतं," आजी म्हणाली. "आवडीनं पितो, पण काल पाजायला लागल्यापासून जुलाब लईच वाढले."

मी खोकं उलटं करून चष्मा लावला. 100 मिलिलिटरमागे साखर अकरा ग्रॅम, म्हणजे लिटरला एकशे दहा. आमच्या ओआरएसच्या सरकारी पुडीत लिटरमागे ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं; सगळी करामत त्या प्रमाणात आहे. साखर एवढी झाली की ती आतड्यातच साचते आणि उलट अंगातलं पाणी आपल्याकडे ओढते. म्हणजे आई दर घोटागणिक जुलाबाला खतपाणी घालत होती. खाली एका कडेला मुंगीएवढ्या इंग्रजीत छापलेलं होतं की हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस नाही. कायद्याला तेव्हा तेवढं पुरत होतं.

सुनेला मी काय बोलणार? आम्ही सांगितलं तेच तिने केलं होतं, आणि सरकारी पुडी फुकट मिळत असताना वर पदरचे पैसे घातले होते.

डॉक्टरांनी सलाईन लावलं नाही. किलोमागे 75 मिलिलिटर, म्हणजे चार तासांत 600, आणि तेही चमच्याने. मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. एकदा सगळं उलटून पडलं. दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. आजीला पटेना. "सुई नाय, बाटली नाय, नुस्तं मिठाचं पाणी?" मग मी तिला पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीची गोष्ट सांगितली. 1971, बांगलादेशचे निर्वासित, पटकीची साथ, सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. आजी ऐकत होती की नाही कोण जाणे, पण चमचा थांबला नाही.

सव्वासहाला पोराने आजीच्या लुगड्यावर शू केली. लघवी झाल्याचा इतका आनंद आमच्या वॉर्डाबाहेर कुणाला कळायचा नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्यासाठी कितीतरी वर्षं भांडत होत्या. 'पुडीच घ्या' एवढं सांगूनही भागत नाही, कारण योग्य प्रमाणाचं तयार ओआरएसही मिळतं. म्हणून माझा प्रश्न बदललाय: "कुठलं दिलं? दाखवा."

तिसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडलं. चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या समजावून दिल्या. मी रिकामी पुडी कचऱ्यात टाकणार तेवढ्यात आजीने हात धरला. ती नीट घडी करून तिने बटव्यात ठेवली.

"ऱ्हाऊ द्या, बाई. पुढच्या टायमाला दुकानात हीच दाखवीन."