जांभ्याचं घर, भिंतीपर्यंतची नोंद: चूल, गोबरगॅस आणि न्हाणीचं पाणी

जोतं पूर्ण झालंय, चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांच्या) भिंती खिडकीच्या तळापर्यंत आल्यात. धुराड्याची जागा आणि नळ्यांची भोकं आत्ताच सोडायला हवीत, नंतर चिरा फोडायचा म्हणजे दुप्पट मजुरी.

कोकणात खोल्या गरम कराव्या लागत नाहीत. उष्णता लागते ती रांधायला, आंघोळीला आणि पावसाळ्यात सरपण वाळवायला. म्हणून प्रत्येक साधन निवडताना एकच गोष्ट पाहिली: आषाढात ते चालतं का?

छपरावरचा सौर बंब ऑक्टोबर ते मे उत्तम चालतो, पावसात जवळजवळ नाहीच. तरी घ्यावा, कारण आठ महिने लाकूड वाचतं. रत्नागिरीचा अक्षांश सुमारे १७ अंश, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड करून ३० अंशांच्या आसपास कलता ठेवला की थंडीत जास्त ऊन मिळतं. माडाखाली मात्र नको, एक नारळ पडला की काचेच्या नळ्या गेल्या. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं, त्यामुळे नळ्यांत चुना साचत नाही, पण ते किंचित आम्लधर्मी असल्याने साध्या लोखंडी टाक्या खातं. खाडीलगत विहीर खारट असेल तर ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीला जोडाजवळ छिद्रं पडतात. तिथे ३१६ स्टील, नाहीतर मॅग्नेशियमची कांडी (टाकीऐवजी ती स्वतः झिजते) असलेली इनॅमल टाकी घ्यावी आणि कांडी दरवर्षी तपासावी.

पावसाळ्यातल्या पाण्याचा हिशोब असा. पाच बादल्या म्हणजे १०० लिटर पाणी १५ अंशांनी तापवायला सुमारे १.७५ युनिट उष्णता लागते. उघड्या चुलाणावर (पाणी तापवायच्या चुलीवर) १५ टक्केच उष्णता पाण्याला मिळते असं धरलं तर तीन किलोच्या आसपास कोरडं सरपण जातं. भांड्याभोवती मातीचा कठडा बांधून धूर भांड्याला घासून बाहेर काढला तर ते निम्म्यावर येतं. हेच पाणी गोबरगॅसवर तापवलं तर अर्धा घनमीटरहून जास्त गॅस जातो. म्हणून न्हाणीला चुलाण आणि स्वयंपाकाला गॅस, अशी वाटणी केली.

गोबरगॅसमध्ये सगळ्यात जास्त चूक होते ती आकारात. एक घनमीटर गॅसला रोज सुमारे २५ किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. कोकणातली लहान चणीची गुरं दिवसभर चरायला बाहेर असतात, गोठ्यात रात्रीचंच शेण हाती येतं, जनावरामागे पाच-सहा किलो. चार-पाच गुरांवर एक घनमीटरच भागतो. मोठा संच बांधून अर्धपोटी ठेवला की गॅस कमी येतो आणि दोष बांधणीला दिला जातो. माणशी पाव घनमीटर धरला तर एक घनमीटर चौघांच्या स्वयंपाकाला पुरतो. म्हणून एक घनमीटरचा दीनबंधू (जमिनीत पक्क्या घुमटाचा गोबरगॅस संच) ठरवलाय. शेणातले जीवाणू ३५ अंशांना सर्वात जोमाने काम करतात. घाटावर थंडीत गॅस कमी पडतो तसा इथे फारसा पडत नाही, हे आपलं भाग्यच.

खड्डा दिवाळीनंतर, पाण्याची पातळी उतरल्यावरच खणावा. पावसात रिकामा घुमट भूजलाच्या दाबाने उचलला जाऊन तडकतो. जांभा सच्छिद्र आहे, त्यामुळे विहिरीपासून किमान १५ मीटर दूर. घुमट चिऱ्याचा नको, वळण नीट बसत नाही. विटांचाच करावा आणि आतून गिलाव्याचे एकावर एक थर द्यावेत. गळती बहुतेक वेळा घुमटाच्या माथ्यावर, गॅसच्या नळीभोवतीच्या जोडाला होते. शेण भरण्याआधी पाणी भरून पातळीवर खूण करावी आणि चोवीस तासांनी पाहावी.

पहिल्या भरणीला साधारण एक टन शेण लागतं, ते आधीपासून जमवा. सुरुवातीच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त, तो पेटत नाही, सोडून द्यावा. पेटतो का ते शेगडीवरच पाहावं, घुमटाच्या तोटीशी काडी कधीही नेऊ नये. नळीला पाणी साठणाऱ्या सापळ्याकडे सलग उतार हवा. मध्ये झोळ राहिला तर तिथे पाणी साचून ज्योत फडफडते. फिनेल आणि साबणाचं पाणी संचात जाता कामा नये, जीवाणू मरतात.

गॅस असला तरी एक वैलाची (बाजूला दुसरं भांडं ठेवायची जागा असलेली) चूल राहणारच. उकड्या तांदळाची पेज तिच्यावर. करवंट्या झपाट्याने जळतात, सोडणं (नारळाची वरची सालं) नुसती धुमसतात, म्हणून ती पूर्ण वाळलेलीच वापरावीत. काजूची टरफलं चुलीत घालू नका, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. धुराड्याला चार इंची भाजक्या मातीचा पाइप घेतलाय, कारण खाऱ्या हवेत पत्रा बाहेरून आणि काजळीने आतून सडतो. वासे आणि रीपांपासून वीतभर अंतर राखून तो आढ्याजवळून बाहेर काढायचा, कारण छपराच्या खालच्या भागात वरून वाहत येणारं सगळं पाणी पाइपाच्या सांध्यावर आदळतं. चुलीमागे पाइपाच्या तळाला हात जाईल एवढी झडप ठेवून महिन्याला काजळी काढायची. या आठवड्यात गवंड्याला या झडपेसाठी नऊ इंची भोक सोडायला सांगितलंय.