चिलाकिलेस म्हणजे फोडणीची पोळीच ना?

पुण्याहून फोन आला की मावशी, मैत्रिणी, आईच्या भिशीतल्या काकू, सगळ्या फिरून फिरून तिथेच येतात: "चिलाकिलेस म्हणजे आपली फोडणीची पोळीच ना गं?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते.

हो. पण माझ्या सासूबाईंसमोर तसं म्हणू नका.

माझं सासर मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात. चिलाकिलेस म्हणजे तोर्तियाचे, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीचे, तळलेले तुकडे साल्सात, म्हणजे मिरचीच्या वाटणात, परतलेले. रविवारी उठल्यावर नुसती कॉफी आणि एखादा गोड पाव; खरं खाणं दहानंतर. त्याची तयारी मात्र शनिवारीच सुरू होते. कोपऱ्यावरच्या तोर्तियेरियातून वजनावर गरम तोर्तिया येतात, त्यातल्या निम्म्या मुद्दाम उघड्यावर वाळू द्यायच्या. ताज्या तळल्या तर तेल पितात आणि साल्सात पडताच त्यांचा लगदा होतो. शिळेपणा ही इथे अडचण नाही, अटच आहे.

शिवाय तो मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर तसाच मुरवून, धुऊन मग दळलेला असतो. म्हणून तोर्तिया भाकरीसारखी मोडत नाही. हे न कळता मी एकदा पुण्यात मक्याच्या भाकरीचे चिलाकिलेस करायला गेले. पिठलं झालं. आईनं निमूटपणे वर कोथिंबीर भुरभुरली आणि सगळ्यांना वाढलं.

आमच्याकडे साल्सा हिरवा. त्यातला हिरवा तोमाते म्हणजे आपल्या बांधावरच्या चिरबोटीची थोरली बहीण. तसाच कागदी झगा, सोलला की बोटं चिकट. मिरच्यांबरोबर तो उकडायचा, कांदा-लसूण-कोथिंबीर घालून वाटायचा आणि ते वाटण कडकडीत तेलात ओतायचं. मग एपासोतेची एक डहाळी. पहिल्यांदा त्या पाल्याचा वास आला तेव्हा मला वाटलं, कुठेतरी रॉकेल सांडलंय. आता त्याशिवाय साल्सा मला बेचव लागतो. तळलेले तोर्तियाचे तुकडे त्यात परतायचे, वर आंबटसर साय, कुस्करलेलं ताजं चीज, कांद्याच्या चकत्या. बाजूला घोटलेले काळे घेवडे आणि अंडं. मातीच्या भांड्यात दालचिनी आणि गूळ घालून उकळलेली कॉफी असते. जेवण संपलं तरी एकपर्यंत कुणी टेबलावरून हलत नाही.

खरं भांडण पुढेच आहे: कुरकुरीत की मऊ? नवरा आणि नणंदा कुरकुरीतवाले, साल्सा अंगाला लागला न लागला की ताटलीत हवेत. सासरे एकटे मऊवाले. ते सकाळी गच्चीवर जाऊन पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी बघून येत. त्याला तिकडे डॉन गोयो म्हणतात, म्हणजे आपले गोयोराव. "आज गोयोनं बिडी पेटवलीय" अशी बातमी देत ते टेबलाशी बसायचे आणि शेवटपर्यंत थांबायचे. सगळ्यांची पानं वाढून झाली की सासूबाई कढईवर झाकण ठेवत, आच मंद करत. दहा मिनिटांनी उरलेला भाग गोळा होऊन निघे, तो त्यांचा. "कुरकुरीत खायला दात लागतात," म्हणायचे. दात होते, सगळे.

त्यांना जाऊन चार वर्षं झाली. झाकण अजून पडतं. दहा मिनिटांनी सासूबाई ते मऊ चिलाकिलेस स्वतःच्या ताटलीत घेतात. त्या जन्मभर कुरकुरीतवाल्या. याबद्दल घरात कुणी काही बोलत नाही, मीही नाही.

मागच्या रविवारी मी माझी ताटली पुढे केलीच नाही. कॉफी ढवळत बसले. झाकण निघालं तशी सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, अर्धे मला वाढले, अर्धे स्वतःला. एक घास खाऊन म्हणाल्या, "मिहा, मीठ कमी पडलंय." मिहा म्हणजे पोरी. मीठ खरंच कमी होतं.