पपईवरचा पिठ्या ढेकूण : सहाव्या आठवड्याची नोंद

परभणीत उन्हाचा चटका सुरू झाला की माझ्या परसातल्या पपईवर हा रस शोषणारा पिठाळ किडा हमखास येतो. यंदा सुरुवात पानाच्या मागच्या बाजूने झाली. मधल्या शिरेलगत कापूस पिंजून चिकटवल्यासारखे ठिपके होते. काडीने पीठ खरवडलं तर खाली पिवळं अंग. जास्वंदीवरचा आपल्या ओळखीचा पिठ्या ढेकूण अंगाने गुलाबीसर असतो, म्हणून शंका आली. चार किडे स्पिरिटच्या बाटलीत टाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी ते निळसर काळे पडले होते. पपईच्या पिठ्या ढेकणाची ही खूण कुणालाही घरी पाहता येते, जरूर करून बघा.

हा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. आपल्या देशात 2008 मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडला. इथे त्याला आटोक्यात ठेवणारं कुणी नव्हतं, म्हणून पपईबरोबर तुती, जास्वंद, गाजरगवत, जे मिळेल त्यावर पसरला. 2010 मध्ये पोर्तो रिकोहून तीन जातींचे परजीवी कीटक बंगळुरूला आणले, वाढवले आणि सोडले. त्यातला ॲसेरोफॅगस पपाये सर्वांत कामाचा ठरला. मिलिमीटरभरही नसतो, पण ढेकणाच्या पिल्लात अंडी घालतो आणि त्याची अळी ते पिल्लू आतून खाऊन टाकते.

मागच्या वर्षी मी दिसताक्षणी जहाल औषध मारलं होतं. पंधरा दिवसांत ढेकूण पुन्हा आले, तेही दुपटीने. अंगावरच्या पांढऱ्या मेणामुळे बरेच ढेकूण वाचले, मेले ते मित्रकीटक. त्याची मला अजून हळहळ वाटते.

म्हणून यंदा औषध नाही. लडबडलेली दोन पानं काढून पिशवीत बांधली, बाकीच्यांवर पाइपने जोरात पाणी मारलं. कुंपणाचं गाजरगवत उपटलं. खोडाला कागद गुंडाळून वर ग्रीस लावलं, कारण ढेकूण सोडतात त्या गोड चिकट्यासाठी येणाऱ्या मुंग्या परजीवींना जवळ फिरकू देत नाहीत. निंबोळी अर्क फक्त कोवळ्या शेंड्यावर, तोही संध्याकाळी.

काल भिंगाखाली खालचं एक पान पाहिलं. चाळीसेक ढेकणांत अकरा फुगून तपकिरी झालेले, आणि त्यातल्या सहांच्या पाठीला सुईच्या टोकाएवढं गोल भोक! म्हणजे आतून परजीवी बाहेर पडलेला. मी तो कुठून आणला नव्हता, तरी आपणहून पोचला होता. शेजारच्या काकूंच्या पपईवर ढेकूण आहेतच. त्यांना औषध थांबवायला सांगितलं आणि न फुटलेल्या पाच तपकिरी ढेकणांचा पानाचा तुकडा कापून त्यांच्या झाडाला दोऱ्याने बांधून आलो.